अकरावीच्या आधी भरायची शब्दांची वही

दहावीचा निकाल लागला की तळेघर, राजपूर, कोंढवळ, आहुपे या भागातली मुलं घोडेगाव, मंचर नाहीतर जुन्नरच्या कॉलेजांची वाट धरतात. बहुतेकांची शाळा मराठी माध्यमाची. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतलं, कुणी आश्रमशाळेतलं. आर्ट्‌सला जाणाऱ्यांचं त्यातल्या त्यात निभावतं. सायन्स घेतलेल्यांची मात्र पहिल्या आठवड्यातच गाळण उडते. फळ्यावर ‘इनर्शिया’ लिहिलेलं असतं. जडत्व त्यांना पक्कं ठाऊक असतं. एस.टी. अचानक सुटली की उभा माणूस मागे का झुकतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं आणि भीमाशंकरच्या गाडीत अंगावर घेतलेलंही असतं. पण इनर्शिया म्हणजे तेच जडत्व, हे कुणी सांगितलेलं नसतं. मग मुलाला वाटायला लागतं की विषयच आपल्या डोक्यावरून जातो. विषय जात नसतो, शब्द अडलेला असतो.

हा लेख आठवी ते दहावीतल्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या अभ्यासाकडे लक्ष देणाऱ्या थोरल्या भावंडांसाठीही. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजीचा तास होतो. तरी अकरावीचं पुस्तक उघडल्यावर दर ओळीला ठेच लागत असेल, तर कमी पडतो तो शब्दसंग्रह, आणि तो घरी बसून वाढवता येतो.

आधी ‘उच्च दर्जाचे शब्द’ म्हणजे काय याबद्दलचा गैरसमज काढून टाकू. मोबाइलवर रोज सकाळी कुणीतरी ‘आजचे दहा शब्द’ पाठवतं. त्यातले निम्मे असे असतात की इंग्रज माणसालाही वर्षातून एकदा लागावेत. २०१७ मध्ये शशी थरूर यांच्या एका ट्विटमुळे ‘फरागो’ हा शब्द देशभर गाजला, लोकांनी शब्दकोश उघडून पाहिले. त्यानंतर तो वापरायची वेळ किती जणांवर आली? थरूर यांना शोभतं, त्यांचं वाचन तेवढं आहे. आपण त्यांच्यापासून वाचनाची सवय घ्यावी, फरागो त्यांच्याकडेच राहू द्यावा.

कोणते शब्द खरोखर लागतात, यावर अभ्यासकांनी पुष्कळ मोजदाद केली आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये रोजच्या इंग्रजीतल्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठांतली पुस्तकं आणि शोधनिबंध तपासून ५७० शब्दकुळांची दुसरी यादी केली. शब्दकूळ म्हणजे ‘अॅनालाइज’, ‘अॅनालिसिस’, ‘अॅनालिटिकल’ हे सगळे मिळून एक. या अभ्यासात असं दिसलं की अभ्यासाच्या पुस्तकातला तीन चतुर्थांश मजकूर वेस्ट यांच्या दोन हजारांतच येतो आणि आणखी सुमारे दहा टक्के मजकूर या ५७० कुळांतला असतो. ही कुळं भूगोलात सापडतात, अर्थशास्त्रात सापडतात, जीवशास्त्रातही सापडतात: ‘असेस’, ‘एस्टिमेट’, ‘कॉम्पेन्सेट’, ‘डिस्प्लेस’. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात, असा पॉल नेशन यांचा हिशेब आहे. तो आकडा पाहून घाबरू नका, तो पुढच्या दहा वर्षांचा आहे. दहावीपर्यंत रोजचे दोन हजार आणि त्यापुढचे पाचशे-सहाशे एवढे हाती आले तरी अकरावीचं पुस्तक वाचता येतं.

दिवसाला तीन नवे शब्द पुरेत. सुट्ट्या, परीक्षा, भातलावणीचे आणि सुगीचे दिवस वजा केले तरी तीन वर्षांत दोन हजारांच्या पुढे जाता. दिवसाला वीस शब्द घेणारं मूल पंधरवड्यात वही टाकून देतं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

पहिलं काम परिभाषेचं. बालभारतीच्या मराठी विज्ञानाच्या पुस्तकात महत्त्वाच्या संज्ञेपुढे तिचं इंग्रजी नाव दिलेलं असतं. परीक्षेत ते विचारत नाहीत म्हणून कुणी पाहत नाही. नववीच्या जूनपासून प्रत्येक धड्यातल्या या जोड्या वहीत उतरवत गेलात, तर अकरावीची अर्धी भीती तिथेच संपते. संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे अॅक्सलरेशन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, द्रावण म्हणजे सोल्यूशन, आम्लारी म्हणजे बेस. शेवटच्या दोन शब्दांकडे जरा थांबून पाहा. सोल्यूशन म्हणजे उत्तर आणि बेस म्हणजे पाया, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. रसायनशास्त्रात हेच शब्द वेगळा अर्थ घेऊन येतात. ‘सेल’ म्हणजे पेशी, विद्युतघट आणि तुरुंगातली कोठडीसुद्धा. (मंचरच्या दुकानावर पाटी लागते त्या सेलचं स्पेलिंग वेगळं.) नवख्या अवघड शब्दापेक्षा असे ओळखीचे शब्दच जास्त दगा देतात, कारण ते अडले आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही.

याच कामात प्रश्नपत्रिकेतली क्रियापदंही घ्या. ‘स्टेट’ म्हटलं की नुसतं सांगायचं. ‘एक्सप्लेन’ म्हटलं की कसं आणि का तेही लिहायचं. ‘जस्टिफाय’ला कारणं देऊन पटवायचं, ‘डिस्टिंग्विश’ला फरक दाखवायचा, ‘डिराइव्ह’ला सूत्र पायरी-पायरीने काढून दाखवायचं. ‘इव्हॅल्युएट’ गणितात असेल तर किंमत काढायची, निबंधात असेल तर मूल्यमापन करायचं. या क्रियापदांसाठी एकच पान पुरतं, पण उत्तर माहीत असूनही मार्क जातात ते बऱ्याचदा इथेच.

आता वहीचं एक पान कसं भरायचं ते पाहू. शब्द घेऊ ‘डिस्प्लेसमेंट’. नववीच्या विज्ञानात गतीच्या धड्यात विस्थापन येतं: अंतर कितीही चाला, सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिकाणांमधलं सरळ रेषेतलं कमीत कमी अंतर म्हणजे विस्थापन. दहावीत रसायनशास्त्रात विस्थापन अभिक्रिया येते: जास्त क्रियाशील धातू कमी क्रियाशील धातूला त्याच्या संयुगातून हुसकतो आणि त्याची जागा घेतो. आणि आपल्या तालुक्यात तर हा शब्द पुस्तकाबाहेरच मोठा झाला. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि माणसं विस्थापित झाली. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी शब्द एकच. म्हणून पानावर सगळ्यात वर क्रियापद ‘डिस्प्लेस’ लिहायचं, खाली नाम ‘डिस्प्लेसमेंट’, त्याखाली विशेषण ‘डिस्प्लेस्ड’. मग त्याचे सोबती: ‘डिस्प्लेस्ड फॅमिलीज’, ‘डिस्प्लेस्ड बाय द डॅम’. मग भाऊबंद: ‘रिप्लेस’ म्हणजे एकाच्या जागी दुसरं आणणं, ‘मिसप्लेस’ म्हणजे कुठेतरी ठेवून विसरणं. शेवटी तुमचं स्वतःचं वाक्य, तुमच्या गावाबद्दलचं. मनातून काढलेलं वाक्य विसरत नाही, गाइडमधून उतरवलेलं दुसऱ्या दिवशी विसरतं. डिंभ्याच्या पाण्यापाशी उभं राहिलं तर याच पानाला लागून आणखी शब्द मिळतात. जलाशय तो ‘रिझर्व्हॉयर’, पाणलोट क्षेत्र ते ‘कॅचमेंट एरिया’, बुडणं ते ‘सबमर्ज’, सांडवा तो ‘स्पिलवे’. भूगोलाच्या पेपरात हे सगळे लागतात.

असं पान भरायला दहा-बारा मिनिटं लागतात. प्रत्येक शब्दाला एवढा वेळ देऊ नका. तीनपैकी एकाला द्या, बाकीच्या दोघांना एकेक ओळ पुरे.

मराठी मुलांकडे एक मोठं भांडवल आहे आणि आपण ते फारसं वापरत नाही: संस्कृतातून आलेले उपसर्ग. मराठी व्याकरणात आपण ते पाठ करतो आणि तिथेच सोडतो. ‘ईक्ष’ म्हणजे पाहणं. त्याला वेगवेगळे उपसर्ग लागून निरीक्षण, परीक्षण, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा झाले. लॅटिनमध्ये पाहण्याचा धातू ‘स्पेक्ट’. त्यातून ‘इन्स्पेक्ट’ झालं, ‘प्रॉस्पेक्ट’ झालं, ‘रेट्रोस्पेक्ट’ म्हणजे मागे वळून पाहणं झालं, आणि ‘एक्स्पेक्ट’ म्हणजे थेट आपली अपेक्षा. घडण इतकी सारखी आहे की एकदा युक्ती कळली की शब्द पाठ करावा लागत नाही, फोडता येतो. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं: आत आणलं की ‘इम्पोर्ट’, बाहेर नेलं की ‘एक्स्पोर्ट’, पलीकडे नेलं की ‘ट्रान्सपोर्ट’. काही ठिकाणी तर नातं रक्ताचंच आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात मांडलं होतं. ‘अनॉनिमस’ हा शब्द ग्रीकमधून आलेला, त्यात नकाराचा ‘अन्’ आणि पुढे नाम. आपला अनामिक तसाच. ‘डेंटल’मध्ये दंत आहे. ‘ट्रायपॉड’मध्ये त्रि आणि पाद आहेत, म्हणजे घरातली तिवई. मात्र दिसायला सारखा तो नातलग, असं धरून चालू नका. शंका आली की कोश उघडा.

शब्द एकटा शिकला तर एकटाच राहतो. तो कुणाच्या शेजारी बसतो हेही शिकावं लागतं, आणि याचा सराव करायला तळेघरच्या पावसाएवढं चांगलं साधन नाही. भुरभुर, रिपरिप, सर, संततधार, मुसळधार, धो-धो हे सगळे फरक आपण न विचार करता करतो. इंग्रजीत मात्र जून ते सप्टेंबर एकच ‘हेवी रेन’ चालवतो, आणि काही जण तर ‘स्ट्राँग रेन’ लिहितात. वारा स्ट्राँग असतो, पाऊस हेवी. भुरभुर पडतो तो ‘ड्रिझल’, येऊन जाते ती सर म्हणजे ‘शॉवर’, अचानक कोसळतो तो ‘डाउनपोर’, मुसळधार असेल तर ‘टोरेन्शियल’, आणि दिवसरात्र उघडीपच नसेल तर ‘इन्सेसंट’. थांबून-थांबून पडणारा ‘इंटरमिटंट’. हा शेवटचा शब्द पावसापुरता ठेवू नका. येऊन-जाऊन असणारी लाइट आणि मोबाइलची रेंज यांनाही तो फिट्ट बसतो. ‘इंटरमिटंट पॉवर सप्लाय’ हा शब्दप्रयोग आपल्या भागात वर्षभर उपयोगी आहे. उलट ‘टोरेन्शियल’ प्रामुख्याने पावसासाठीच राखलेला. कोणता शब्द किती मोकळा आणि कोणता किती बांधलेला, हे नुसत्या अर्थावरून कळत नाही, वाक्यं पाहिली की कळतं.

पण आपल्या भागातल्या मुलांनी इंग्रजी शब्द कमवायचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण परीक्षा नाही. आपल्या जंगलाचे, जमिनीचे कायदे आधी इंग्रजीत लिहिले गेले. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा हे दोन्ही पश्चिम आंबेगाव आणि जुन्नरच्या आदिवासी गावांच्या रोजच्या जगण्याशी बांधलेले आहेत. मराठी भाषांतर मिळतं, तरी वाद निघाला की मूळ शब्दावर बोट ठेवावं लागतं. दावा करणारा तो ‘क्लेमंट’. ‘टायटल’ इथे पुस्तकाचं नाव नव्हे, हक्काची मान्यता. संमती ती ‘कन्सेंट’. गौण वनोपज ते ‘मायनर फॉरेस्ट प्रॉड्यूस’. वनहक्क कायद्याच्या दुसऱ्या कलमात त्याची व्याख्या एका लांब वाक्यात दिली आहे. त्यात बांबू येतो, मध येतो, लाख येते, तेंदूपानं येतात, औषधी वनस्पती येतात, मुळं येतात आणि ‘ट्यूबर’ म्हणजे कंदही येतात. आपला हिरडा औषधी वनस्पतींत बसतो. दहावीतल्या मुलाने हे एक वाक्य कोश घेऊन वाचावं, त्यातून मिळालेले शब्द आयुष्यभर पुरतात.

हिरड्याचंच आणखी सांगायचं तर त्याची तुरट चव म्हणजे ‘अॅस्ट्रिंजंट’, आणि तो तुरटपणा ज्याच्यामुळे येतो ते ‘टॅनिन’. रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र दोन्हींत हे शब्द भेटतील. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या हिरड्याचं मोठं नुकसान झालं आणि भरपाईची मागणी झाली. त्या विषयावर इंग्रजीत पाच वाक्यांचा अर्ज लिहून पाहा. नुकसान मोजणं ‘असेस’, अंदाज बांधणं ‘एस्टिमेट’, भरपाई देणं ‘कॉम्पेन्सेट’, पात्र असणं ‘एलिजिबल’. यातले पहिले तिन्ही कॉक्सहेड यांच्या यादीतले आहेत.

बातम्या वाचताना एकच घटना आधी मराठीत आणि मग इंग्रजीत वाचा. मजकूर आधीच कळलेला असला की अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भातून सुटतो. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत जगभरच्या वर्तमानपत्रांनी आपल्या शेजारच्या गावाबद्दल इंग्रजीत लिहिलं: ‘लँडस्लाइड’, ‘डेब्री’, ‘सॅच्युरेटेड सॉइल’, ‘रिहॅबिलिटेशन’. डेब्री म्हणजे ढिगारा, आणि त्याच्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘एस’ उच्चारत नाहीत. आपल्याबद्दल बाहेर काय लिहिलं जातं ते आपल्याला वाचता यावं, यात पुढारलेपणाचा प्रश्न नाही, हक्काचा आहे.

आता लक्षात ठेवण्याचं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्याने निसटतं, पण अंतराअंतराने उजळणी केली की टिकतं. पुढे १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी त्यावर चिठ्ठ्यांच्या खोक्यांची पद्धत बसवली. आपण ती फुकटात करू शकतो. घरात पडलेल्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करा, एका बाजूला शब्द, मागे अर्थ आणि आपलं वाक्य. तीन डबे घ्या. पहिल्यातल्या चिठ्ठ्या रोज पाहायच्या, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. आला की चिठ्ठी पुढच्या डब्यात, अडली की परत पहिल्यात. चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर मनात आणायचंच. नुसतं वाचत गेलात तर सगळं येतंय असा भास होतो आणि पेपरात फजिती होते.

उच्चाराबद्दल थोडंसंच. मराठीत आपण सगळी अक्षरं सारख्या जोराने बोलतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि तो कुळातल्या कुळात सरकतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफी’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. वहीत त्या अक्षराखाली रेघ मारा, एवढं बस.

कोश कोणता घ्यावा? रमेश धोंगडे यांनी संपादित केलेला ऑक्सफर्डचा इंग्रजी-इंग्रजी-मराठी शब्दकोश शाळेत एक तरी असावा. मराठी अर्थाआधी इंग्रजी स्पष्टीकरण वाचायची सवय लागते, हा त्याचा मोठा फायदा. मराठी शब्दावरून इंग्रजी शोधायचा असेल तर मोल्सवर्थचा कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्यामुळे शेतीची, अवजारांची, पावसाची जुनी मराठी त्यात भरपूर आहे. पण त्यातलं इंग्रजीही त्याच काळातलं, ते जसंच्या तसं निबंधात घालू नका. शास्त्रीय संज्ञांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, तेही संकेतस्थळावर फुकट. रेंज मिळत नसेल तर बाजाराच्या दिवशी घोडेगावला गेलात की बालभारतीची अकरावीची इंग्रजी पुस्तकं मोबाइलमध्ये उतरवून आणा.

वाचायला काय घ्यावं असं विचाराल तर मी जिम कॉर्बेटचं नाव घेईन. त्याचं रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यावरचं पुस्तक १९४८ चं. वाक्यं साधी, शब्द नेमके, आणि बिबट्याची गोष्ट जुन्नर-आंबेगावच्या मुलाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पानात पाच-सहापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर मात्र ते पुस्तक वर्षभर बाजूला ठेवा आणि सोपं काही घ्या. अडलेला प्रत्येक शब्द पाहू नका. एकाच प्रकरणात दोनदा आला तर पाहा.

एक विनंती अकरावी-बारावीत पोचलेल्यांना. तुमच्या भरलेल्या वह्या सुट्टीत गावी आणा आणि आठवी-नववीतल्या पोरांना महिनाभर द्या. त्यांना उतरवून घेऊ देऊ नका, त्यांच्याकडून प्रत्येक शब्दाचं नवं वाक्य मागा. आणि शिक्षकांनो, महिन्यातून एक तास फळ्यावर फक्त गावातल्या गोष्टी लिहा: धरण, हिरडा, शेकरू, भातखाचर, वनहक्काचा दावा. त्यांचे इंग्रजी शब्द मुलांना शोधून आणायला सांगा. यंदाच्या जूनपासून सुरुवात केली तर आत्ता आठवीत जाणाऱ्या मुलांच्या हाती अकरावीच्या आधी पुरी तीन वर्षं आहेत.